सांडू वायरमन पोलवर चढला तेव्हा

देवगाव रंगारीत कुणालाबी विचारा, सांडू वायरमनसारखा गडी परत झाला नाय. गावातून विजेच्या बोर्डात लागलेला पयला माणूस तो. वादळात लाइन पडली की बाकीचे वायरमन टपरीवर चहा घेत वारं थांबायची वाट बघायचे, तवर सांडू निम्म्या पोलवर असायचा. शहरातल्या कितीतरी गल्ल्यांत म्हातारी माणसं अजून सांगतात, आमच्या लग्नात लाइट गेली होती, सांडूभाऊ पंगतीतून हात न धुता उठला.

अन असा सांडू वाढवला कुणी, तर कडूबानं. थोरल्या भावानं. आई लवकर गेली, बापाचं ध्यान घरात कधी नव्हतंच. कडूबानं त्याला भाकर चारली, अंघोळ घातली, मानगूट धरून शाळेत नेऊन बसवलं. लोक म्हणतात पोलवर चढायचं त्याला बोर्डानं शिकवलं. बोर्ड काय शिकवणार? सांडू चढायला शिकला तो बांधावरच्या चिंचेवर, कडूबाच्या नजरेखाली. सरसर शेंड्याला जायचा, अन उतरायचा मात्र कंटाळा. मग कडूबा खाली हात पसरून उभा राहायचा. "ये खाली" म्हणला की वरून आवाज यायचा, "दादा, झेल," अन पोरगं हात सोडून द्यायचं. कडूबानं त्याला एकदाबी भुईवर पडू दिलं नाय. एकदाबी.

पुढं सांडू शहरात नोकरीला लागला अन तिथं त्याला युनूसभाई भेटला. जोडी जमली. सांडू वर, युनूसभाई खाली. त्यांच्या कामाची एक रीत होती. वरच्यानं खाली बघायचं नाय, ध्यान तारेवर ठेवायचं. खालून एकच माणूस बोलणार. तो जे सांगल ते वरच्यानं आधी तोंडानं परत बोलून दाखवायचं, मगच हातपाय हलवायचा. अन ज्यानं चढवला त्यानंच उतरवायचा. मधीच कुणी साहेब आला तरी त्याच्या म्हणण्यावर उतरायचं नाय. हे सगळं बोलणं हिंदीत. म्हणजे आपल्या शहरातल्या हौ-नक्कोवाल्या हिंदीत, कारण युनूसभाईला मराठी समजायची पण जिभेवर बसायची नाय. सांडू दिवसभर ती बोलायचा, अन घराच्या उंबऱ्यात पाय टाकला की देवगावची मराठी. एका खिशात ही, दुसऱ्या खिशात ती. उभ्या नोकरीत हात कधी चुकला नाय.

म्हातारपणी चुकायला लागला.

तो रिटायर झाला, पुढं युनूसभाई करोनात गेला, अन त्याच्या मागं सांडूचं विसरणं वाढतच गेलं. आधी नावं गेली, मग वार, मग जेवलो का नाय तेबी. पण त्याच्या बायकोला, गोजरबाईला, सगळ्यात जड गेलं ते बोलण्याचं. सकाळी चहा दिला की म्हणायचा, "शक्कर कम है, भाभी." उभा जन्म संसार केलेली बाई, तिला भाभी. सून मोनिका, तिच्याशी मराठीत बोलता बोलता एखादा शब्द आडला की हिंदीतला घ्यायचा, अन एकदा तिकडं गेला की तिकडंच राहायचा. उलट शेजारची रफियाबी सलाम करायची तर तिच्याशी अस्सल देवगावचं काढायचा, "काय वं, औंदा कापूस कसा हाय?" रफियाबी जन्मात शेतात गेली नव्हती. पण ती बिचारी म्हणायची, "अच्छा है भाऊ, बोंडां भरको आए."

गोजरबाईनं हळूहळू त्यातला माग काढला. हिंदीत असला की सांडू ड्युटीवर असतो. मराठीत असला की कधीमधी नवरा असतो, पण जास्त वेळा लेकरू असतो, चिंचेवरचं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीबी तेच सांगितलं. म्हणल्या, ते ज्या भाषेत असतील तिथं तुम्ही जा, त्यांना ओढून इकडं आणू नका.

कडूबा शहरात पडेगावला भावाच्या घरी मुक्कामी आला तेव्हा हे ऐकून हसला.

"ओढून आणू नका म्हणं. मी आणतो. सख्खा भाऊ हाय मी. माझ्या एका हाकंवर उठून उभा राहतो का नाय बघा."

"आबा, हाक नका मारू तेवढ्या जोरात," गोजरबाई पदराआडून म्हणली. घरातली पोरं कडूबाला आबा म्हणायची म्हणून तीबी आबाच म्हणायची. तो तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. लग्न होऊन आल्यापासून त्याच्या म्होरं तिनं डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, की समोरासमोर नजर वर केली नव्हती.

"का? बहिरा झाला का तो?"

"बहिरे नाय झाले. पण कुठं जाऊन ऐकतील ते सांगता येत नाय."

कडूबानं ते कानाआड केलं. बायामाणसांचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली लाइट गेली. डीपीवर काहीतरी जळालं होतं. बाया दारात आल्या, कुणाचं पाणी चढायचं राहिलं, कुणाचं पीठ गिरणीत अडकलं. कुणीतरी मोठ्यानं म्हणलं, "अवं, लाइट गेली." ओट्यावर बसून कडूबा मोनिकाला सांगत होता की सांडूनं एकदा अख्खं कन्नड गाव कसं उजेडात आणलं. त्याला वाटलं सांडू मागं खाटंवर हाय. खाट रिकामी होती.

तेवढ्यात रफियाबीचा गच्चीवरून आवाज आला.

"अगे गोजरबाई, भाऊ पोल पे हैं."

रफियाबीच्या कंपाउंडाच्या भिंतीला लागून लोखंडी पोल होता. सांडू भिंतीवर चढला असणार, तिथून पोलच्या पट्ट्यांवर. अनवाणी. अंगात बनियन अन पायजमा, कमरेला पट्टा नाय, डोक्यावर टोपी नाय. खालच्या तारांच्या लोखंडी दांडीवर तो टांग टाकून बसला होता, जसा माणूस बाजेवर बसतो.

खरं सांगायचं तर कडूबाच्या मनात आधी भीती नाय आली. आधी आलं ते हे, की बघा, ह्या वयात अशी चढाई दुसऱ्या कुणी करून दाखवावी. गल्लीतली पोरंटोरं तोंड उघडं टाकून बघत होती. कडूबानं मिशीवरून हातबी फिरवला असंल.

मग मोनिकाचा आवाज कानावर आला. तिनं लाइटीच्या ऑफिसात फोन लावला होता.

"आबा, ते म्हणतायत खालच्या तारा बंद हायत. पण वरच्या तीन तारा दुसऱ्या लाइनीच्या हायत, त्या चालू. बंद करायला लावतो म्हणले. पण त्यांचा फोन येईस्तोवर चालूच धरायच्या."

वरच्या तीन तारा. कडूबानं मान वर केली. सांडू रिटायर झाल्यावर कधीतरी त्या ओढल्या असतील. सांडूच्या डोक्यातला पोल खालच्या तारांवरच संपत होता. तो बसलाय तिथवर ठीक. पण नुसता उभा राहिला तर त्याचं डोकं अन ती तार, मधी हातभरबी जागा नव्हती.

कडूबानं छाती भरून घेतली अन जशी हाक मारायची तशी मारली.

"सांड्या. ये खाली."

सांडूनं वाकून बघितलं. अन त्याचं तोंड बदललं. पिकल्या दाढीतून ते चिंचेवरचं पोरगं हसलं. त्यानं पोलवरचा डावा हात सोडला, मग अंग पुढं झोकलं.

"दादा, झेल."

खाली फरशी होती. अन कडूबाच्या ह्या हातांत आता पाण्याची कळशीबी ठरत नव्हती. तरी त्यानं हात पसरले. "आरं थांब, सांड्या, आरं" असं म्हणायला तोंड उघडलं, तर कुणाचातरी तळवा त्याच्या तोंडावर गच्च बसला.

गोजरबाई होती. पदर खांद्यावर पडलेला, केस उघडे, नजर थेट त्याच्या डोळ्यात.

"गप," ती म्हणली. भासऱ्याला. "एक शब्द काढू नका. तुमचा आवाज ऐकला की ते उडी घेतील."

वर सांडू तसाच कलून राहिला, एका हातावर. खालून काही येईना तसा त्याच्या तोंडावरचा उजेड विझत गेला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग सोडलेला हात आपसूक पोलला गेला, अन तो परत दोन तारा जोडणाऱ्या तुकड्याकडं वळून पुटपुटायला लागला, "जम्पर ढीला है. कबसे बोलरा मैं इनकू, जम्पर ढीला है."

गोजरबाईनं हात काढला. तिच्या बांगडीची खूण कडूबाच्या गालावर उमटली होती.

"हिंदीत गेले," ती हळूच म्हणली. "आता ड्युटीवर हायत."

रफियाबी जिना उतरून आली होती. तिनं वर बघून एकदम मऊ आवाजात सांगितलं, "सांडूभाऊ, नीचे आव. चाय हो गई."

"आपा, हटके खडे रहो," सांडू वरूनच म्हणला. रागानं नाय, आदबीनं. "काम चालू है. तार गिरी तो लगेंगी तुमकू."

"उतर जाव ना भाऊ."

"तुम बोले तो कैसा उतरूं? नीचेवाला बोलेंगा तब." अन मग त्यानं हाक मारली. "युनूस. ओ युनूसभाई. ऊपर का देखूं क्या?"

ज्यानं बोलायचं तो पडेगावच्याच कब्रस्तानात निजला होता.

"युनूस, किदर मरा रे तू? ऊपर का देखूं?"

त्यानं एक पाय दांडीवर घेतला. उठायची तयारी. मोनिका हातातल्या फोनकडं बघत नुसती मान हलवत होती, अजून नाय, अजून नाय.

"आबा, तुम्ही बोला," गोजरबाई म्हणली. "युनूसभाईचा आवाज असाच घोगरा व्हता. बिडीनं बसलेला."

"मी?"

"तुम्ही युनूस व्हा."

कडूबाला राग आला. त्या घडीलाबी आला. उभं आयुष्य ह्या युनूसनं त्याचा भाऊ वापरला. दिवाळीला सांडू गावाकडं यायचा तो दोन रात्री, अन युनूससंगं रोज. अन आता ह्या जिवावरच्या वेळेला परत त्याचंच नाव?

"माझा भाऊ हाय तो. उतरायचा तर माझ्या नावानं उतरल."

"तुमच्या नावानं ते पडतील, आबा," गोजरबाई म्हणली. तिचा आवाज कापला पण नजर हलली नाय. "त्याच्या नावानं उतरतील. तुम्हाला कसा पायजे भाऊ, बोला."

वर सांडूचा दुसरा पाय हलला. कडूबा पोलच्या बुडाशी गेला.

"सांडू," तो म्हणला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाय. "मी... मैं हाय."

"हाय नक्को," रफियाबी त्याच्या कानाशी कुजबुजली. "बोलो, मैं इदरिच हूं."

"मैं इदरिच हूं."

वरचा पाय थांबला. "कबसे आवाज देरा मैं. कां गया था?"

कडूबानं रफियाबीकडं बघितलं. ती म्हणली, "बिडी."

"बिडी," कडूबा म्हणला. "बिडी लानेकू गया था."

"तेरी बिडी एक दिन मेरी जान लेंगी, देख." अन सांडू हसला. कडूबानं असलं हसू त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. बरोबरीच्या माणसाशी हसतात तसलं. "ऊपर का देखूं क्या बोल?"

"नक्को," कडूबा म्हणला, हे मात्र त्याचं त्यालाच आलं. "ऊपर नक्को. काम खतम. उतर."

"काम खतम, उतर," सांडू परत बोलला. अन हलला नाय. वाट बघत बसला.

"एकेक पाय सांगावा लागतो," गोजरबाई म्हणली. "युनूसभाई तसंच सांगायचे."

मग कडूबानं सांगायला सुरुवात केली. रफियाबी एका कानाशी, गोजरबाई दुसऱ्या. "दोनो हात से पकड." वरून आलं, "दोनो हात से पकड्या." "बायां पाव नीचे." "बायां पाव नीचे." थरथरणारा पाय पट्टी शोधत खाली आला, हुकला, परत लागला. "दायां पाव." "दायां पाव." कडूबाची हिंदी मोडकी, कुठं मराठी डोकावायची, तसा रफियाबीचा कोपरा त्याच्या बरगडीत बसायचा. पण वरून प्रत्येक शब्द नीट होऊन परत येत होता. दांडी वर राहिली. वरच्या तीन ताराबी लांब गेल्या.

निम्म्यात आल्यावर सांडू थांबला.

"बायां पाव नीचे," कडूबा म्हणला.

सांडूचा पाय हवेतच पट्टी चाचपत राहिला.

"सांडू. बायां पाव."

"पाय पुरंना," वरून आलं. मराठीत. बारीक, रडवेलं. "दादा, हायस का रं तू? पाय पुरंना मला."

हाय की रं. हाय, इथंच हाय, तुझ्या बुडाशी उभा हाय. कडूबाच्या जिभेवर आलंच होतं. अजून निम्मा पोल बाकी होता, खाली फरशी होती, अन सांडूच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून सैल व्हायला लागली होती. रफियाबी काही बोलली नाय. गोजरबाईबी नाय. ह्याला शब्द त्यांच्यापाशी नव्हता.

"कौन दादा?" कडूबा दरडावून म्हणला. "इदर कोई दादा नै. मैं युनूस है. पकड बराबर."

मग रीतीप्रमाणं सांडू परत बोलला. हळूहळू, शब्द चाचपत.

"इदर कोई दादा नै," तो म्हणला. "पकड बराबर."

बोटं पोलवर आवळली.

"बायां पाव नीचे," कडूबा म्हणला. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते त्यानं पुसलं नाय, हात रिकामा नव्हता, पोल धरला होता त्यानं दोन्ही हातांनी, जसा काही तोच वर होता.

"बायां पाव नीचे."

भिंतीपाशी आला तसा गल्लीतल्या दोघा गड्यांनी त्याला खांद्यावर घेतला अन भुईवर ठेवला. मोनिकाचा फोन तेव्हा वाजला. वरची लाइन बंद केली म्हणत होते. "आता करा चालू," मोनिका म्हणली अन मटकन ओट्यावर बसली.

रफियाबीच्या पायरीवर दोघा भावांना बसवलं. गोजरबाईनं चहा आणला. पदर डोक्यावर घ्यायचं तिच्या ध्यानात नव्हतं, कडूबानंबी सुचवलं नाय.

"आता बोला मराठीत," ती त्याला म्हणली. "खाली आलेत आता. भ्या नाय."

कडूबा बोलणार होता. पण सांडू बशीत चहा ओतत त्याच्याकडं वळला, अन खुशीत म्हणला, "युनूस, मेरा बडा भाई आनेवाला है गाव से."

"हौ?" कडूबा म्हणला.

"तू मिल्या नै ना उसकू. मिलाता मैं. उसके जैसा आदमी जिल्ले में नै मिलेंगा तेरेकू."

"ऐसा?"

"क्या ऐसा? पूरा गाव पूछता उसकू. मॅट्रिक पास है वो. अव्वल नंबर से."

कडूबाचा कप तोंडाशीच राहिला. त्याची शाळा चौथीत सुटली होती. सांडूला पाटी घ्यायची होती त्याच वर्षी. हा भाऊ शहरात नोकरीभर, पोलापोलावर, हे सांगत फिरला होता, अन कडूबाला त्याची खबर नव्हती. आपण भावाच्या बढाया मारतो एवढंच त्याला ठाऊक. ह्यानं काय मारल्या ते कुणी सांगितलं नव्हतं.

"मैं तो सुन्या," कडूबा हळूच म्हणला, "वो चौथी तक पढ्या करके."

सांडूनं बशी आपटली. चहा सांडला. म्हातारं अंग ताठ झालं, अन नुकता पोलवरून उतरलेला तो माणूस कडूबाच्या गळपट्टीला भिडायला निघाला.

"किसने बोल्या? नाव बोल उसका. मेरे भाई के बारे में ऐसा नै बोलने का, युनूस, दोस्ती गई खड्डे में."

गोजरबाई पुढं झाली. कडूबानं हातानं तिला थांबवलं.

"चुकलं माझं," तो म्हणला. मग ध्यानात येऊन, "गलती हुई. मॅट्रिक है वो."

"अव्वल नंबर," सांडू म्हणला, अजून रागात.

"अव्वल नंबर."

सांडूनं त्याच्याकडं निरखून बघितलं, हा खरं बोलतो का नाय ते. मग खाली बसला, अन उरलेला चहा फुंकायला लागला.